चिली १९८८ : हुकूमशहाने मांडलेल्या डावात उतरणे योग्य होते का?

मूळ लेख

५ ऑक्टोबर १९८८ रोजी चिलीच्या मतदारांना एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते : १९७३ च्या लष्करी उठावापासून सत्तेवर असलेले हुकूमशहा जनरल पिनोचेत यांना आणखी आठ वर्षे राष्ट्राध्यक्षपदी ठेवायचे की नाही? मतपत्रिकेवर त्यांचे एकट्याचे नाव होते, खाली ‘सी’ (होय) आणि ‘नो’ (नाही) यांच्यापुढे एकेक आडवी रेघ होती आणि पसंतीच्या रेघेवर पेन्सिलीने उभी रेघ मारायची होती. सुमारे ५६ टक्के मते ‘नो’ला पडली.

हे सार्वमत १९८० च्या राज्यघटनेनुसार झाले आणि ती घटना लष्करी राजवटीने मतदारयाद्याही नसताना मंजूर करून घेतलेली होती. तरीही २ फेब्रुवारी १९८८ रोजी ख्रिश्चन डेमोक्रॅट, समाजवादी आणि इतर पक्ष ‘नो’साठी एकत्र आले. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण पंधरा वर्षे मुरलेली भीती त्याच वर्षी ओसरू लागली. एप्रिलमध्ये ‘नो’च्या बाजूचे नेते रिकार्दो लागोस यांनी दूरचित्रवाणीवर थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखून पिनोचेत यांना जाब विचारला. सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंना रोज रात्री उशिरा पंधरा मिनिटे प्रक्षेपण मिळाले. ‘नो’च्या वेळेत, राजवटीने पकडून बेपत्ता केलेल्या माणसांच्या घरच्या स्त्रिया क्वेका नाचल्या. हे खरे तर जोडीने करायचे नृत्य, पण इथे हातात रुमाल घेतलेली स्त्री एकटीच नाचते आणि समोरची जागा रिकामी राहते. ते दृश्य देशभर घराघरांत पोहोचले, आणि बहिष्कार टाकला असता तर ते कुणालाच दिसले नसते.

प्रतिसाद १

मी सहमत नाही. डावात उतरणे म्हणजे त्या घटनेला मान्यता देणे होते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. हरलेले पिनोचेत मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिले आणि नंतर तहहयात सिनेटर झाले. नेमलेले सिनेटर आणि उजव्या पक्षांना झुकते माप देणारी निवडणूक पद्धत तशीच राहिली. क्वेका नाचणाऱ्या त्या स्त्रियांना आपली माणसे कुठे आहेत हे हवे होते, आणि नेमका त्याच वाटेवर राजवटीतल्या गुन्ह्यांना माफी देणारा १९७८ चा हुकूम आडवा पडून होता.

प्रतिसाद २

प्रतिसाद १ साठी : मग दुसरा मार्ग कोणता होता? १९८३ पासूनची निदर्शने बंदुकीच्या बळावर दडपली गेली. सप्टेंबर १९८६ मध्ये पिनोचेत यांच्या ताफ्यावर सशस्त्र हल्ला झाला. पाच अंगरक्षक ठार झाले, ते स्वतः बचावले आणि दडपशाहीला नवे निमित्त मिळाले. मतदानाच्या रात्री सरकारी निकाल रेंगाळत असताना ‘नो’च्या बाजूने स्वतंत्र मोजणी तयार ठेवली होती. हवाई दलप्रमुख फर्नांदो मात्तेई यांनी अध्यक्षीय प्रासादात शिरतानाच पत्रकारांना ‘नो’ जिंकल्याचे सांगून टाकले. आकडे हाताशी नसते तर त्या रात्री काय घडले असते, याचा विचार करावा.

मूळ लेखक

माफीच्या हुकुमाचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मलाही सलतो. पण तो हुकूम पुढे न्यायालयातच निष्प्रभ होत गेला. माणूस सापडत नाही तोवर अपहरणाचा गुन्हा चालूच असतो, आणि माफी तर मार्च १९७८ पर्यंतच्याच गुन्ह्यांना होती, हा युक्तिवाद टिकला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बेपत्ता तरुणाच्या प्रकरणात राजवटीचे माजी गुप्तपोलीसप्रमुख मानुएल कोन्त्रेरास यांची शिक्षा कायम केली. लष्करी राजवटीत हे शक्यच नव्हते.

प्रतिसाद १

निकाल महत्त्वाचा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु १९८८ ते २००४ म्हणजे सोळा वर्षे, आणि तेवढ्या काळात वाट पाहणाऱ्या कितीतरी आया निघून गेल्या. ‘नो’च्या नेत्यांनी विजयाच्या बळावर हुकूम रद्द करण्याचा आग्रह १९८९ मध्ये राजवटीशी झालेल्या घटनादुरुस्तीच्या वाटाघाटींतच का धरला नाही, या माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.