वरच्या जी5 वर 'ई' आवळतो, जबडा किती आणि कधी सोडायचा?

सोप्रानो_ठाणे: पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकते आहे. इटालियन गाण्यांत 'आ' जी5 (पियानोवरच्या मधल्या 'सी'च्या वरच्या सप्तकातला 'जी') पर्यंत मोकळा लागतो, पण तिथेच 'मी', 'दी' अशी अक्षरं आली की आवाज बारीक, कर्कश होतो आणि सूरही किंचित उतरतो. शिक्षिका म्हणतात, 'ई'त थोडा 'ए' मिसळ. नेमका किती, आणि कुठल्या सुरापासून?

खर्ज: बरोबर सांगताहेत. तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद (ज्या कंपनसंख्येला पोकळी आवाज आपोआप वाढवते ती) 'ई', 'ऊ'साठी साधारण 300 ते 400 हर्ट्झच्या घरात असतो, 'आ'साठी 800च्या आसपास. जी5 म्हणजे 784 हर्ट्झ. तिथे 'आ'ला साथ मिळते, 'ई'चा मूळ सूर मात्र अनुनादाच्या कितीतरी वर निघून जातो. मग आवाज भरायला आपण श्वासाचा जोर लावतो आणि गळा आवळतो. जबडा सोडला की अनुनाद वर सरकतो. आवाजाचे स्वीडिश अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी हे 1975 सालीच मांडलं आहे.

सी5 पासून 'ई'वर अर्ध्या-अर्ध्या सुराने चढा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे, कडा वरच्या दाढांकडे उचललेल्या. जीभ 'ई'चीच ठेवा, हलू दे फक्त जबडा: सी5 ला दातांत करंगळी मावेल इतका, एफ5 ला एक बोट, जी5 ला जवळजवळ दोन. ऐकायला 'ई' आधी ऱ्हस्व 'इ' वाटेल, मग 'ए'कडे झुकेल. 'ऊ' तसाच 'ओ'कडून 'ऑ'कडे, ओठ गोल ठेवून.

बदल वरच्या सुरावर एकदम केला तर दोन वेगळी अक्षरं ऐकू येतात, म्हणून एक-दोन सूर आधीच सुरुवात हवी. आणि हनुवटी खाली दाबू नका, जिभेचं मूळ दबतं. हनुवटीखाली अंगठा ठेवून बघा, तिथला भाग मऊ राहिला पाहिजे.

टेनर_मडगाव: पुरुषांनी हे जसंच्या तसं उचलू नये! टेनरला (उंच पुरुष आवाजाला) एफ4 (349 हर्ट्झ) जवळ 'आ'ची अडचण उलटी असते. सुराचा दुसरा स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येचा) तिथे 698 हर्ट्झवर, म्हणजे 'आ'च्या अनुनादाजवळ येतो. तोंड आणखी फाकवलं की अनुनाद त्याच्या मागे धावतो आणि गाण्याची आरोळी होते. जबडा आहे तिथेच ठेवा, ओठ जरा गोल करा, 'आ' किंचित 'ऑ'कडे न्या. आवाज झाकला गेल्यासारखा वाटेल, सभागृहात तो मोकळाच पोचतो. बॅरिटोनला (मधल्या पुरुष आवाजाला) हे वळण एक-दीड सूर खाली येतं.

सोप्रानो_ठाणे: खूप आभार. ख्यालाच्या अंतऱ्यातही असंच करायचं का?

गांधार: तितकं नाही. काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) स्त्री आवाजाचा तार षड्ज 415 हर्ट्झ, तार पंचम सुमारे 623. तार षड्जावर 'ई' ऱ्हस्व 'इ'कडे कलला तरी पुरतो. 'ए' केलात तर 'पिया'चं 'पेया' होतं आणि बंदिशीचे बोल बिघडतात. तार मध्यम-पंचमावर लांब ठहराव घ्यायचा असेल तर 'ई'वर अडून न बसता आकारात ('आ'वर) जा.