कांद्याच्या मुळातील पेशीविभाजन: टोक नेमके किती घ्यावे?
कांद्याचे मूळ नीट रंगवूनही विभाजन पावणारी एकही पेशी दिसली नाही, असे आपण लिहिले आहे. दोष बहुधा रंगाचा नसून घेतलेल्या तुकड्याचा असावा. विभाजन मुख्यतः टोकाच्या १ ते २ मिलिमीटर भागातच चालते, त्यामागच्या पेशी केवळ लांबत जातात. म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ केलेल्या मुळाचे, अ‍ॅसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या लाल रंगाने सर्वांत गडद लाल झालेले टोक तेवढेच कापून स्लाइडवर घ्यावे आणि त्यावरील आच्छादक काचेवर (पातळ झाकण-काचेवर) टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबावे. काच जराही आडवी सरकली, तर पेशी गुंडाळल्या जातात, आणि माझ्या मते निम्म्या स्लाइड इथेच वाया जातात. पेशी नीट पसरल्या, तर मध्यावस्थेतील (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात त्या टप्प्यातील) १६ गुणसूत्रे अक्षरशः मोजता येतात.