मदत हवी आहे: गुडघे आतापासूनच दुखून राहिले, आईसारखं होऊ नये म्हणून काय करू?

प्रतापनगरची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी. वय ४३, शाळेत शिकवते, दिवसाचे पाच तास उभी असते. घर तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही.

आईचे गुडघे साठीच्या आतच गेले. आता ती जिना उतरते तो एका बाजूला वळून, एक हात कठड्याला, दुसरा गुडघ्यावर आणि दर पायरीला "माय वं". ते पाहून जीव कालवतो. भीतीही वाटते, कारण दोन-तीन महिन्यांपासून माझेही गुडघे दुखून राहिले. खाली बसून उठलं की कटकट वाजतात. संक्रांतीला लाडू वळायला पाटावर बसले, तर उठताना भिंत धरावी लागली. बोटंही नीट वळत नव्हती, अर्धे लाडू शेवटी नवऱ्याने वळले (आणि त्याचे माझ्यापेक्षा गोल झाले, तो वेगळाच त्रास).

एका सेंटरमध्ये दाखवलं. एक्स-रे पाहायच्या आधीच "वंगण संपलं आहे" म्हणून तीन इंजेक्शनचं पॅकेज सांगितलं. मी उठून आले. शाळेतल्या मॅडमनी सांध्यांसाठी म्हणून ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा डबा दिला आहे. शेजारच्या काकूंनी दही, लिंबू, संत्रं बंद करायला लावलं. खाली बसणं मी स्वतःच सोडलं, जिनाही दिवसातून एकदाच.

वजन ७१, उंची ५ फूट २. संधिवात होऊच नये यासाठी रोजच्या रोज नेमकं काय करावं? आणि हे सोडलेलं सगळं बरोबर आहे का?

महालचा_भाऊ:

ताई, मोहरीच्या तेलात लसूण जाळायचा अन् रात्री गरम गरम चोळायचं. आमच्या बाबांना लई फरक पडला.

बर्डीवरून_बोलतोय:

भाऊ, चोळल्यानं बरं वाटते ते खरं आहे, पण तेल कातडीतून सांध्यातल्या गादीपर्यंत जात नाही ना जी. बाबांना तुम्ही रोज अर्धा तास चोळून देता, फरक त्याचा असंल.

अन् ताई, नागपुरात राहून संत्रं काऊन सोडता? आंबट खाल्ल्यानं सांधे झिजतात हे मी एकाही डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नाही. आत्ता मृग बहाराचा माल येऊन राहिला. खा बाप्पा.

वर्धारोड_फिजिओ:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाग्यावर निदान होत नाही, तरी पोस्ट वाचून माझं लक्ष गुडघ्यांपेक्षा लाडवांकडे गेलं. आधी हे सांगा: सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? बोटांच्या पेरांवर सूज? दोन्ही हातांना सारखंच? मागच्या पावसाळ्यात ताप आला होता का?

झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर किंवा जास्त टिकला, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजले, तर तो आमवात असू शकतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तो व्यायामाने थांबत नाही. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात, वर्षभर तेल चोळत बसलं तर वाकडे होतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सोडलेल्या गोष्टींत सगळ्यात चुकीचं म्हणजे हालचाल सोडणं. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात. चालताना दाब पडला की तिच्यातलं पाणी पिळून निघतं, दाब सुटला की सांध्यातला द्रव आत शोषला जातो, आणि तिचं पोषण त्यातूनच होतं. नुसतं बसून गुडघा जपला जात नाही, मांडीचा स्नायू मात्र वाळतो. मग सगळा भार हाडांवर.

म्हणून मांडीचा पुढचा स्नायू पक्का करा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा आणि पाच आकडे मोजा. दहा वेळा. मग पाठीवर पडून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचला, पुन्हा पाच आकडे. दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभराने खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव सुरू करा. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असेल तर कमी वेळा करा.

नुसत्या कटकट आवाजाला घाबरू नका. दुखणं किंवा सूज नसेल तर त्याला अर्थ नाही.

वजन: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो घटवा, मग मला सांगा.

ग्लुकोसामाइनवर अमेरिकेत १५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००६ साली आला. एकूण गटात खोट्या गोळीपेक्षा म्हणावा असा फायदा दिसला नाही. डबा मॅडमना परत करा.

आईंसाठी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उकिडवं बसावं लागू नये म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी त्या रोज घेत असतील तर डॉक्टरांना कळवा, या वयात पोट आणि किडनी दोन्हींवर बेतू शकतं.

प्रतापनगरची_मास्तरीण:

वाचून धस्सच झालं. सप्टेंबरात आमच्या गल्लीत घरोघरी चिकनगुनिया होता, मलाही झाला. ताप चार दिवसांत गेला. सांधे महिनाभर धरलेले होते, मग बरं वाटलं म्हणून विसरूनच गेले. सकाळी बोटं निदान पाऊण तास आखडलेली असतात. डाव्या हातातली अंगठी निघेना म्हणून डिसेंबरात साबण लावून काढली, ती अजून डब्यात आहे. मी हे गुडघ्यांशी जोडलंच नव्हतं.

वर्धारोड_फिजिओ:

चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात आणि ते दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसतं. दोन्हींत फरक करायला डॉक्टरांनी हात लावून तपासणं आणि रक्ताची तपासणी लागते. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ते नसतील तर सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा मिहानच्या एम्सला ओपीडी आहेच. आमवात आहे का ते पाहायला आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या बहुतेक सांगतील.

बर्डीवरून_बोलतोय:

अन् कूलर पाहा! चिकनगुनिया पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. उन्हाळा सरला तरी अर्ध्या नागपूरच्या कूलरच्या टाक्यांत पाणी तसंच असते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

प्रतापनगरची_मास्तरीण (पाच आठवड्यांनी):

उशिरा लिहितेय, दहावीचे पेपर तपासून राहिले होते. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले चिकनगुनियाचंच राहिलेलं दुखणं आहे, थोड्या दिवसांचं औषध दिलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये किरकोळ सुरुवात आहे, वयाच्या मानाने ठीक. इंजेक्शनची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं.

टॉवेलची गुंडाळी रोज चालू आहे. पहिले दहा दिवस काहीच वाटलं नाही, कंटाळून सोडणारच होते. आता फळ्यासमोरून खुर्चीत बसताना टेबल धरावं लागत नाही. अंबाझरी तलावावर सकाळी साडेपाचला फिरायला जाते, साडेसातनंतर ऊन सोसत नाही. वजन ६९ वर आलं. संत्री परत सुरू. कूलरच्या टाकीच्या तळाला बोटभर हिरवं पाणी निघालं.

आईला काठी डाव्या हातात धर म्हटलं तर चिडली. "दुखते उजवा अन् काठी डाव्या हातात? तुझ्या त्या फिजिओला काही समजते का?" परवा खिडकीतून पाहिलं, भाजीवाल्याकडे निघाली होती, काठी डाव्या हातात. मी काही बोलले नाही.

आता एकच राहिलं. जिन्याला एकाच बाजूनं कठडा आहे, आईला उतरताना दुसऱ्या बाजूनंही लागतो. इमारतीतले लोक म्हणतात, जागा अरुंद होईल, सामान चढवता येणार नाही. भिंतीला लागून पाइप बसवून घेतलेलं कोणी आहे का इथे? किती इंच जागा गेली?