मधुमेह आहे आणि अंधुक दिसते: आधी चष्मा करावा की पडद्याची तपासणी?

अबोली:
मला टाइप २ मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत. नुकतेच औषध बदलले आणि साखर झपाट्याने खाली आली, परंतु त्याच सुमारास वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली. सध्या नवा चष्मा किंवा डोळ्यांची तपासणी यांपैकी एकाच गोष्टीचा खर्च झेपेल. आधी काय करावे?

सांजवारा:
चष्माच करा, आणि तोही प्रोग्रेसिव्ह काचांचा. मी सर्वांत महागड्या काचा घेतल्या आणि आता जवळचे, दूरचे सगळे स्वच्छ दिसते. या बाबतीत काटकसर करू नये.

पिंपळपान:
कृपया इतक्यात चष्मा करू नका. साखर वर-खाली होते तेव्हा डोळ्यातील भिंगात पाण्याचे प्रमाण बदलते, भिंगाचा आकार बदलतो आणि नंबरही सरकतो. माझी साखर अशीच उतरत असताना दुकानदाराने उत्साहाने नंबर काढून दिला. साखर स्थिरावल्यावर तो चष्मा डोळ्यांना लावता येईना. साखर काही आठवडे एका पातळीवर राहू द्या, मग नंबर काढा.

कानोसा:
चष्मा सोडा, थेट ओसीटी करा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा प्रकाशकिरणांनी काढलेला स्कॅन. माझ्या पडद्याच्या (दृष्टिपटलाच्या) मध्यभागी आलेली सूज त्यातच दिसली, वेळेवर इंजेक्शने मिळाली आणि आज मी बारीक टाइपातले वर्तमानपत्र वाचतो. पैशांचे काय, ते उभे करता येतात.

रेघोटी:
अबोलीताईंनी खर्चाची मर्यादा स्पष्ट लिहिली आहे, तिचा मान राखू या. ओसीटी मध्यभागाची सूज उत्तम दाखवते, परंतु पडद्याच्या कडेला काय चालले आहे हे पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेली तपासणी लागते. मधुमेहात पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगे येतात आणि त्यांतून द्रव पाझरतो. पुढे रक्तपुरवठा अपुरा पडला की नव्या, नाजूक वाहिन्या उगवू लागतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या मोठ्या भावाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत होती, तरीही त्याच्या पडद्याच्या कडेला अशा वाहिन्या सापडल्या आणि लेझर करावे लागले. म्हणून टाइप २ मध्ये निदान होताच पहिली तपासणी आणि पुढे साधारणतः दरवर्षी एक, असे सांगतात. साखर फार वेगाने उतरली तर आधीपासून असलेला पडद्याचा विकार काही काळ वाढू शकतो. त्यासाठी औषध स्वतःहून थांबवू नये, पण डोळे लवकर दाखवावेत, आणि तेही पडद्याच्या विशेषतज्ज्ञांनाच.

सांजवारा:
त्या थेंबांनी अर्धा दिवस वाया जातो. मला उन्हात डोळे उघडता येत नव्हते.

कानोसा:
काही तासांचाच प्रश्न असतो. गडद चष्मा न्यावा, सोबत कोणीतरी असावे आणि स्वतः गाडी चालवू नये. तरीही माझे म्हणणे ओसीटीच.

माळरान:
मी डोळ्यांसाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतो आणि मला आजवर काहीही झालेले नाही.

पिंपळपान:
गोळ्यांनी हा विकार थांबतो असा भरवसा कोणाला देऊ नका. साखर नियंत्रणाचा पुरावा मात्र भक्कम आहे. टाइप १ च्या रुग्णांवरील डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर सांभाळल्याने पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. रक्तदाबही तितक्याच गांभीर्याने सांभाळा आणि तंबाखू, धूम्रपान असेल तर सोडा. आणि पुन्हा सांगतो, चष्मा इतक्यात नको.

अबोली:
सर्वांचे आभार. मी चष्मा लांबणीवर टाकत आहे आणि ओसीटीही आत्ता करणार नाही. रेघोटी यांचा आग्रह असला तरी विशेषतज्ज्ञांकडे थेट न जाता नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांकडे याच आठवड्यात थेंब घालून तपासणी करून घेते, कारण त्यांच्याकडे माझ्या जुन्या नोंदी आहेत. गरज असेल तर तेच पुढे पाठवतील. तोवर फोनवरची अक्षरे मोठी करून घेतली आहेत.

रेघोटी:
निर्णय योग्य वाटतो. जाताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे जुने आणि नवे दोन्ही अहवाल न्या, म्हणजे साखर किती वेगाने उतरली हे त्यांना कळेल. मात्र त्याआधी अचानक काळे ठिपके तरंगू लागले, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखे वाटले किंवा एका डोळ्याने दिसणे कमी झाले, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.