महाग पण कपाळाला दुखणारं, की स्वस्त पण नीट बसणारं हेल्मेट?

चष्मेवाली

नमस्कार मंडळी. हेल्मेट घ्यायचंय आणि दोन दुकानं पालथी घालून गोंधळ आणखीच वाढलाय, म्हणून इथे विचारते. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर मोटरसायकल चालवते. आतापर्यंत भावाचं जुनं हेल्मेट वापरत होते, एल साइझचं. मला ते ढगळ व्हायचं, पण पट्टा आवळला की झालं, असं समजत होते. तीन महिन्यांपूर्वी ओल्या वळणावर गाडी घसरली. वेग फार नव्हता. डाव्या कुशीवर पडले आणि डोकं जमिनीला लागायच्या आतच हेल्मेट फिरून डोळ्यांवर आलं. आपटले तेव्हा काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नुसता प्लास्टिक रस्त्यावर घासल्याचा आवाज. चष्म्याची काडी कानामागे रुतली, चार टाके पडले. तेवढ्यावर निभावलं. पण तो अंधार अजून जात नाही डोक्यातून.

आता दोन हेल्मेटं निवडून ठेवलीत, दोन्ही फुलफेस, म्हणजे हनुवटीही झाकणारी, एम साइझ. पहिलं फायबरग्लासचं, नावाजलेल्या कंपनीचं. दुसरं पॉलिकार्बोनेटचं, पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश किमतीचं. दोन्हींवर ईसीई २२.०६ हे युरोपातल्या सुरक्षा मानकाचं चिन्ह आहे. पहिलं घातल्यावर दहा मिनिटांत कपाळाच्या मधोमध ठणकायला लागलं. दुकानदार म्हणाला, वापरून सैल होईल. दुसरं गच्च वाटतं, पण कुठे दुखत नाही. घरचे म्हणतात, डोक्याच्या बाबतीत पैशाकडे बघू नकोस, महागच घे. पैसे जमवलेत, तो प्रश्न नाही. पण स्वस्त घेतलं तर मी डोक्याची जोखीम घेतेय का, एवढं सांगा.

काउंटरमागचा

ताई, अकरा वर्षं हेल्मेट विकण्यात गेली माझी, त्यामुळे आधी मुद्द्याचं सांगतो. दहा मिनिटांत कपाळ ठणकतं ते हेल्मेट तुमचं नाही. फुकट मिळालं तरी घेऊ नका.

“वापरून सैल होईल” हे गालाच्या पॅडबाबत खरं आहे. ते स्पंजाचे असतात, काही आठवड्यांत दबतात. कपाळासमोर मात्र पातळ अस्तर आणि त्याच्या लगेच मागे थर्माकोल. तो तुमच्या कपाळासाठी जागा करून देणार नाही. वरून पाहिलं तर कुणाचं डोकं लांबट असतं, कुणाचं गोल, बहुतेकांचं मधलं. लांबट डोकं गोलसर साच्यात घातलं की कपाळावर दाब येतो आणि कानांच्या वर पोकळी राहते. उलट असेल तर कानशिलं दुखतात. दोघांच्याही टेपवर घेर सत्तावन्न सेंटीमीटरच येईल. म्हणून नुसता घेर मोजून भागत नाही.

हे मी कुणाचं तरी नुकसान करून शिकलो. नवीन होतो तेव्हा मीही हेच वाक्य सांगून एकाला महागडं हेल्मेट दिलं. महिन्याभराने तो काच बदलायला आला, तर हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवत आलेला. म्हणाला, अर्ध्या तासाच्या वर घालवत नाही हो, डोकं भणभणतं. दुकानातलं सगळ्यात भारी हेल्मेट, आणि ते कोपराचं रक्षण करत होतं. त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

आता तुम्ही काय करा. शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून फिरवा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. हेल्मेट घातल्यावर हनुवटीचा भाग दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. गालाची आणि कपाळाची कातडी बरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर मोठं आहे.

यापुढची परीक्षा फार कमी लोक करतात, आणि तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात महत्त्वाची. पट्टा नीट लावा, मान थोडी खाली घाला आणि बरोबरच्या माणसाला सांगा की मागची खालची कड धरून वर आणि पुढे ढकल. अगदी जोर लावून. हेल्मेट निघालं किंवा डोळ्यांवर आलं, तर रस्त्यावरही तेच होणार. भावाचं हेल्मेट इथेच नापास झालं असतं.

त्यातून पास झालं तर दुकानात वीस-तीस मिनिटं घालून बसा. दुकानदार कुरकुरला तर दुकान बदला. काढल्यावर आरशात पाहा. सगळीकडे हलका सारखा वळ असेल तर उत्तम, एकाच जागी लाल डाग असेल तर नको.

किमतीचं म्हणाल तर चिन्ह खरं असेल तिथे दोन्ही हेल्मेटं एकाच परीक्षेतून गेलेली आहेत. २२.०६ मध्ये हेल्मेट सेकंदाला ६, ७.५ आणि ८.२ मीटर अशा वेगांनी आपटून बघतात, शिवाय तिरकस आपटून आतल्या डोक्याला किती पीळ बसतो तेही मोजतात. तो पीळ आधीच्या २२.०५ या मानकात मोजत नव्हते. ७.५ मीटर म्हणजे तासाला २७ किलोमीटर. लोक लगेच विचारतात, मी तर ऐंशीने चालवतो, मग याचा काय उपयोग? पण गाडीवरून पडताना डोकं साधारण पावणेदोन मीटरवरून खाली येतं आणि जमिनीवर आदळायचा वेग तासाला एकवीसच्या आसपास भरतो. पुढचा वेग बराचसा घसरण्यात जातो. समोर खांब किंवा गाडी आली तर गणित बदलतं, तिथे कुठलंच हेल्मेट हमी देत नाही.

जास्तीच्या पैशात वजन कमी मिळतं, आवाज कमी होतो, काच चांगली येते, अस्तर धुता येतं. हे सगळं हवंसंच आहे. पण सुरक्षितता किमतीच्या पटीत वाढत नाही. २००७ मध्ये सुरू झालेली ब्रिटनची शार्प ही सरकारी योजना हेल्मेटांना एक ते पाच तारे देते. तिच्या यादीत पाच तारेवाली स्वस्त हेल्मेटं आहेत आणि कमी तारेवाली महागही.

चिकटवलेल्या स्टिकरवर मात्र विसंबू नका. पट्ट्याला शिवलेली चिंधी शोधा. वर्तुळात ई आणि एक आकडा दिसेल, तो मान्यता देणाऱ्या देशाचा, उदाहरणार्थ ३ म्हणजे इटली. पुढचा क्रमांक ०६ ने सुरू व्हायला हवा आणि त्याला पी अक्षर जोडलेलं हवं, म्हणजे हनुवटीचा भागही तपासलेला आहे. चिंधीच नसेल तर ते हेल्मेट परत ठेवा.

रात्रपाळी

डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगते. टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्या उपचारात ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे लष्करी निरोप नेणाऱ्या मोटरसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटबद्दल लेख छापला. आज आपण ज्यावर वाद घालतोय त्याची सुरुवात तिथली. नंतरच्या कितीतरी अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २००८ मध्ये एकत्र आढावा घेतला. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं त्यात आहे.

पण हे डोक्यावर टिकलेल्या हेल्मेटचं. आमच्याकडे नातेवाईक कधीकधी हेल्मेट हातात घेऊन येतात. धड, कुठे तडा नाही, बक्कल उघडं. ते बघवत नाही. तेव्हा ताई, जे बसतं तेच घ्या, आणि कोपऱ्यावर जायचं असलं तरी पट्टा लावा.

लांबपल्ला

वरच्या दोघांशी सहमत, पण स्वस्तातलं बसलं की शोध संपला असं नको. रोज पन्नास किलोमीटर म्हणजे दीड-दोन तास हेल्मेट डोक्यावर. तीनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळी मानेला कळतो. त्याच महाग कंपनीचं लांबट साच्याचं मॉडेल आहे का, ते विचारा. आवाजासाठी कानात बोळे घाला, वाऱ्याचा आवाज महागड्या हेल्मेटमध्येही कान खराब करण्याइतका असतो. रंग पांढरा किंवा फिका घ्या. न्यूझीलंडमधल्या २००४ च्या अभ्यासात काळ्यापेक्षा पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना दुखापतीचा धोका २४ टक्के कमी दिसला होता.

चष्मेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन आणि भावाला घेऊन गेले. घेर ५६.५ आला. महागाचं लांबट मॉडेल माझ्या मापात नव्हतं. मग स्वस्त एम घातलं, हलवून पाहिलं, कातडी ओढली गेली. मला वाटलं, झालं. पण भावाने मागून ढकललं आणि कड सरळ भुवयांखाली आली. क्षणभर पुन्हा तोच अंधार. हात थरथरायला लागले माझे. आणि हे मी “बरोबर बसतं” म्हणून घेणार होते!

मग एस काढायला लावलं. भावाने दोनदा जोर लावला, जागचं हललं नाही. अर्धा तास घालून बसले, कपाळावर डाग नाही. चिंधीवर ०६ आणि पी दोन्ही आहे. पांढरं घेतलं. फक्त गाल इतके दाबले जातात की बोलताना दाताखाली येतात, आणि चष्मा आत सरकवताना काडी पॅडला अडते. हे चालेल ना?

काउंटरमागचा

गालाचं चालेल, सैल होईल. हे एकच ठिकाण, जिथे ते वाक्य खरं आहे. चष्म्यासाठी सरळ, बारीक काडीची फ्रेम करून घ्या. कानामागे वळणाऱ्या काड्या अडतातच, आणि तुम्हाला त्यांनी एकदा टाके घातलेत. हेल्मेट आरशावर टांगू नका, पेट्रोल किंवा थिनरच्या फडक्याने पुसू नका, थर्माकोल विरघळतो. आणि भावाचं जुनं हेल्मेट? तो थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही. आपटलेलं हेल्मेट कुणाला वापरायला देऊ नका. पट्टे कापून टाका, म्हणजे कुणी उचलून घालणार नाही.

चष्मेवाली

आत्ताच कापले. टाकण्याआधी अस्तर उचकटून पाहिलं. बाहेरून डावीकडे नुसता ओरखडा आहे, पण आत त्याच जागी थर्माकोल अंगठा मावेल एवढा खोल दबलाय आणि तिथून एक तडा थेट कानाच्या खळग्यापर्यंत गेलाय. गेले तीन महिने मी हेच घालून फिरत होते.