पांदण रस्त्यासाठी फोर बाय फोरचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे का?

प्रश्न : कपाशीवाला (तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ)

मंडळी, नमस्कार. आमचे वावर गावापासून बरेच आत आहे. पांदण पूर्ण काळ्या मातीची असल्याने मृगाचा पाऊस लागला की दिवाळीपर्यंत तिथे ट्रॅक्टर आणि बंडी यांशिवाय काही पोहोचत नाही. याच कारणाने यंदा 2018 सालची, म्हणजे आधीच्या पिढीतली, वापरलेली महिंद्राची थार जीप घेतली. गिअरच्या दांड्याशेजारी टू-एच (फक्त मागच्या चाकांना ओढ), फोर-एच (चारही चाकांना ओढ) आणि फोर-एल (चारही चाकांना जास्त ओढ, कमी वेग) यांचा दुसरा दांडा आहे. तो कधी कुठे टाकायचा हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले आहे. गाडी विकणाऱ्याचा सल्ला मात्र एवढाच होता की, चिखल दिसला की फोर-एल टाका आणि दाबा. तो काही मनाला पटत नाही.

इगतपुरीकडे महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे आणि इतरही काही जण नवशिक्यांसाठी असे वर्ग घेतात, असे कळले. समृद्धी महामार्ग आता इगतपुरीवरून पुढे जात असल्याने धामणगावला चढले की जाण्याचा फारसा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो उपयोगाचा. सह्याद्रीच्या खडकावर आणि लाल मातीत घेतलेली शिकवण आमच्या काळ्या मातीत कामाला येईल का? तिथे नेमके काय शिकवतात? माझी मुलगीही गाडी चालवते, तिलाही सोबत न्यावे का? आणि अशा ठिकाणी स्वतःची गाडी नेल्यास विम्याचे काय होते? ज्यांनी असा वर्ग केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : पशुवैद्यक (धारणी, मेळघाट)

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून मेळघाटात काम करते आणि काही वर्षांपूर्वी असा प्राथमिक वर्ग केला आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, वर्गात जे शिकवतात त्याचा मोठा भाग जमिनीच्या प्रकारावर अवलंबून नसतो, म्हणून तो आर्णीतही तितकाच लागू पडतो. उरलेला भाग, म्हणजे काळ्या मातीचा अंदाज, तिथे मिळणार नाही आणि कोणी मिळेल असे सांगितले तर विश्वास ठेवू नये.

सुरुवात बसण्यापासून होते. आसन नेहमीपेक्षा थोडे पुढे आणि सरळ घ्यायचे, पट्टा घट्ट लावायचा आणि स्टिअरिंग धरताना अंगठे आत न घालता कडेवर ठेवायचे, कारण चाक एखाद्या दगडावर आपटले की स्टिअरिंग झटक्यात फिरते आणि आत अडकलेला अंगठा मोडू शकतो. त्यानंतर गाडीखाली वाकून पाहायला लावतात. डिफरन्शियलचा (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा कुठे आहे, सर्वांत खाली काय लोंबते, इंजिन हवा कुठून ओढते, हे ज्याने स्वतः पाहिले आहे तो पुढे दगड किंवा पाणी आल्यावर वेगळा विचार करतो. नव्या थारचे कागदावरचे आकडे, म्हणजे जमिनीपासून 226 मिलिमीटर उंची आणि पुढून 41.8 अंशांचा चढाईचा कोन (पुढचा भाग न टेकता गाडी जितक्या तीव्र चढाला भिडू शकते तो), पुष्कळांना पाठ असतात. पण तो कोन खऱ्या खड्ड्यापुढे किती असतो हे बाहेर उभे राहून दुसऱ्याची गाडी उतरताना पाहिल्याशिवाय डोळ्यांत बसत नाही. आपल्या गाडीचे आकडे वेगळे आहेत, ते पुस्तिकेतून पाहून घ्यावेत.

खरा उलगडा होतो तो फोर-एलचा. गाडी उभी करून फोर-एल टाकले आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला की ॲक्सिलरेटरला पायही न लावता ती चालत्या माणसाच्या गतीने पुढे सरकते, कारण चाकांवर येणारी ओढ साधारण अडीच पट होते आणि वेग त्याच प्रमाणात कमी होतो. तीव्र उतारावर हीच गोष्ट ब्रेकचे काम करते. उतारावर क्लच दाबला तर गाडी मोकळी सुटते आणि ब्रेक जोरात दाबला तर चाके थांबूनही गाडी घसरत जाते, म्हणून दोन्ही पाय बाजूला ठेवून इंजिनवर भरवसा टाकायचा असतो. वाचायला हे सोपे आहे. पण समोर फक्त आभाळ किंवा फक्त खड्डा दिसत असताना पाय आपोआप पेडलकडे जातो, आणि ती सवय मोडायला शेजारी प्रशिक्षक बसलेला असावा लागतो. माझ्या मते वर्गाची निम्मी फी एवढ्यासाठीच द्यावी.

चढावर गाडी अर्ध्यात थांबली तर काय करायचे, हे वेगळे घोटून घेतात. अशा वेळी तिथेच वळवण्याचा प्रयत्न करू नये, कारण उतारावर आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स गिअर टाकायचा, क्लच सोडून इंजिनचा भार चाकांवर घ्यायचा आणि आलो त्याच रेषेत सरळ मागे उतरायचे.

आता काळ्या मातीबद्दल. ती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचांत अशी भरून बसते की चांगला नवा टायरही गुळगुळीत होतो. वाळूत टायरची हवा 32 पीएसआयवरून 18-20 वर आणली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी निघते; वर्गात हेच दाखवतात आणि ते खरे आहे. काळ्या चिखलात मात्र हवा कमी करण्याचा फायदा मर्यादित असतो, कारण खाचा भरलेल्याच राहतात. त्या मोकळ्या होण्यासाठी चाकाला थोडी गती लागते, म्हणून अशा पट्ट्यात फोर-एलच्या पहिल्या गिअरऐवजी दुसरा किंवा तिसरा गिअर घेऊन एकसारख्या गतीने जावे. विकणाऱ्याच्या सल्ल्यातला ‘दाबा’ हा शब्द इथेच घात करतो. चाक जागेवर फिरू लागले की ते स्वतःचीच विहीर खणते आणि दोन-चार सेकंदांत गाडी पोटावर बसते.

मुलीला अवश्य न्यावे. आमच्या तुकडीत बाहेर उभे राहून हातांच्या खुणांनी गाडी वाट दाखवत काढण्याचे काम ज्यांनी नीट केले, ते पुढे गाडीही नीट चालवत होते. घरात दोघांना त्याच खुणा माहीत असल्या तर पांदणीवर आरडाओरडा करावा लागत नाही.

उत्तर : गॅरेजवाला (दिग्रस)

मॅडमनी सविस्तर लिहिले आहे, मी फक्त यंत्राची बाजू सांगतो. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर-एच टाकले की पुढचे आणि मागचे प्रोपेलर शाफ्ट (एक्सलकडे ओढ नेणारे लांब शाफ्ट) एकाच गतीने बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. चिखलात तो फरक चाके घसरून भरून निघतो, डांबरी रस्त्यावर मात्र निघत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केस (ओढ पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) आणि सांध्यांवर जातो. म्हणून पांदणीतून डांबरीवर आलात की लगेच टू-एच करा. दांडा निघायला अडला तर ओढू नका. गाडी थोडी सरळ मागे घ्या, तो सहज निघतो.

दुसरे असे की, चारही चाकांना ओढ मिळते म्हणजे चारही चाके एकत्र फिरतात असे नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात मोकळे फिरू लागले की त्याच्या जोडीच्या चाकाची ओढही तितकीच कमी होते. ट्रॅक्टरवर तुम्ही नांगरताना जो डिफरन्शियल लॉकचा पेडल टाचेने दाबता, तो याच्याचसाठी असतो. तुमच्या थारच्या मागच्या एक्सलला आपोआप लागणारा लॉक आहे की नाही हे जाणकाराकडून पाहून घ्या. असला तर दोन्ही चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडल्यावर तो लागतो, म्हणजे क्षणभर एक चाक फिरू द्यावेच लागते. वर्गाला जाण्यापूर्वी हे माहीत असेल तर प्रशिक्षकाला नेमके प्रश्न विचारता येतील.

उत्तर : रुग्णवाहिका चालक (भामरागड तालुका)

माझे मत थोडे वेगळे आहे. मी कुठलाही वर्ग केलेला नाही आणि आमच्याकडचे बहुतेक चालक जुन्या चालकाच्या शेजारी बसूनच शिकले. आपल्या गावात असा जाणता माणूस असेल तर एक पावसाळा त्याच्यासोबत फिरावे, त्याने पुष्कळ काम होते. मात्र मॅडमनी उतार आणि क्लचबद्दल जे लिहिले आहे ते आमच्याकडे कोणी समजावून सांगत नाही, ज्याचे त्याला कळेपर्यंत गाडीचे नुकसान होत राहते, हेही खरे आहे.

पाण्याबद्दल मात्र कोणत्याही वर्गाच्या भरवशावर राहू नये. वर्गात तळ पक्का असलेल्या, साचलेल्या पाण्यातून गाडी काढायला लावतात आणि पुढे तयार होणाऱ्या लाटेच्या मागे एका गतीने कसे जायचे ते दाखवतात. नव्या थारसाठी कंपनी 650 मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगते, ती अशाच पाण्यासाठी समजावी. आमच्याकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि पुलावरून पाणी जाताना चारचाकी असो वा ट्रक, सगळे काठावर थांबतात. वाहते पाणी बाजूने ढकलते आणि हवेने भरलेली चाके गाडीला उचलतात, तिथे फोर-एल काही करू शकत नाही. लहान नाला असेल तर आधी काठी घेऊन स्वतः चालत जावे. ज्या पाण्यात माणूस स्थिर उभा राहू शकत नाही, त्यात गाडी घालू नये. इंजिनात पाणी जाऊन गाडी बंद पडली तर पुन्हा चावी मारू नये, कारण पाणी दाबले जात नाही आणि इंजिनातला पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

कपाशीवाला

सर्वांचे मनापासून आभार. मुलीसह जाण्याचे ठरवत आहे. एक शंका राहिली. गाडी फसली तर आमच्याकडे उपाय एकच, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि लोखंडी साखळी. वर्गात वेगळे काही शिकवतात का? शिवाय आमच्या पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या आहेत, त्यांत थार घालावी की नाही?

उत्तर : पशुवैद्यक (धारणी, मेळघाट)

चाकोरीत घालू नये. ट्रॅक्टरची मागची चाके मोठी असल्याने चाकोरी आपल्या गाडीच्या पोटापेक्षा खोल असते, आणि मधला उंचवटा डिफरन्शियलला टेकला की चारही चाके निरुपयोगी होतात. एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी कडेच्या घट्ट भागावर ठेवून जाता आले तर जावे. ओल्या मातीत गाडी तिथूनही घसरत असेल, तर त्या दिवशी पायी जाणे बरे. तसेच, नुकत्याच थांबलेल्या पावसात पांदण गाडीने खचवली तर पुढे महिनाभर बंडीवाल्यांना त्रास होतो, हेही गावात राहणाऱ्याने पाहावे.

फसलेली गाडी काढणे हा वर्गातील सर्वांत उपयोगी भाग आहे आणि नवशिक्यांच्या काही वर्गांत तो घाईने उरकतात, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वीच त्यासाठी किती वेळ देणार हे विचारून घ्यावे. आधी फावडे. चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल काढून आपल्याच चाकोरीतून मागे येण्याचा प्रयत्न करावा, कारण तेवढी वाट चाकांनी दाबलेली असते. ट्रॅक्टर लावलाच तर साखळीला झटका कधीही देऊ नये. ती ताणली जात नाही, त्यामुळे सगळा धक्का हुकावर येतो आणि तुटलेला लोखंडी तुकडा गोळीसारखा सुटतो. ट्रॅक्टरने सावकाश साखळी ताठ करावी आणि मग खालच्या गिअरमध्ये ओढावे. झटक्याने ओढायचे असेल तर त्यासाठी नायलॉनचा ताणला जाणारा वेगळा दोर मिळतो. दोर किंवा साखळी बंपरला किंवा ट्रेलरसाठी बसवलेल्या गोळ्याला न लावता चासीला बोल्टने घट्ट बसवलेल्या हुकालाच लावावी. मध्यभागी भिजवलेले पोते टाकावे, म्हणजे तुटली तरी ती कमी उसळते. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे, हे काम आपल्याकडे सर्वांत अवघड असते. ट्रॅक्टरच्या बाजूने साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठीच्या पट्टीलाच) अडकवावी. वर टॉप लिंकच्या (अवजार वरून जोडायच्या दांडीच्या) जागी लावून ओढले तर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो.

विम्याबद्दल : नेहमीच्या पॉलिसीत शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. प्रशिक्षणाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे, तोंडी उत्तरावर थांबू नये. इंजिनात पाणी जाऊन होणारे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. संस्थेचीच गाडी मिळत असेल तर पहिल्या वर्गासाठी तीच घ्यावी.

तारीख निवडताना पावसाळ्यात वर्ग होतो का हे पाहावे, कारण आपल्या कामासाठी ऑगस्टमधला वर्ग जानेवारीतल्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. स्वतःची गाडी नेलीत तर परत निघताना हवा पुन्हा पूर्ण भरल्याशिवाय समृद्धीवर चढू नये. कमी हवेचा टायर त्या वेगात तापून फुटतो.