फार्गोला मार्चमध्ये बर्फ वितळून पूर येतो म्हणे, लेक तिथे आहे, कितपत काळजी करायची?

रावपुरा_वडोदरा
नमस्कार मंडळी. माझी मुलगी नॉर्थ डकोटात फार्गोला एमएस करतेय, मैत्रिणींबरोबर बेसमेंटच्या फ्लॅटमध्ये राहते आणि रेड नदी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. काल फोनवर म्हणाली की या आठवड्यात एकदम 8-10 डिग्री झालंय, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग वितळतायत, पण पुढच्या आठवड्यात परत उणे जाणार, मग पुन्हा ऊन, मग पाऊस किंवा बर्फ, काही धडच नाही. युनिव्हर्सिटीत सगळे पुराबद्दल बोलतायत म्हणे. तिने टक्क्यांचा एक तक्ता पाठवलाय पण मला त्यातलं काही कळलं नाही. तिला विशेष वाटत नाहीये, पण आम्ही 2024 च्या ऑगस्टमध्ये इथे वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी बघितलंय, त्यामुळे मला पूर म्हटलं की झोप लागत नाही. पावसाशिवाय पूर येतो कसा? आणि हे सारखं गरम-थंड होणं वाईट आहे का? कोणी तिकडे राहिलेलं असेल तर कृपया सांगा.

मूरहेडवासी
ताई, मी मूळचा दांडिया बाजारचा, आता फार्गोच्या समोरच्या काठाला मूरहेडला राहतो. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तोच मुख्य आहे. दिवसा ऊन आणि रात्री पारा शून्याखाली असं चाललं असेल तर ते चांगलं लक्षण. दिवसा थोडं वितळतं, रात्री थांबतं, नदीला पाणी वाहून न्यायला वेळ मिळतो. घाबरायचं कधी, तर लागोपाठ तीन-चार रात्री शून्याच्या वर राहिल्या आणि त्यात बर्फावर पाऊस पडला तर.

2009 ला परत आलेली थंडीच कामी आली. मार्चच्या शेवटी फार्गोत नदी 43 फुटांपर्यंत जाऊ शकेल असं सांगत होते, फार्गोडोम या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये रात्रंदिवस वाळूच्या गोण्या भरणं चालू होतं, कॉलेजची मुलं रांगा लावून उभी, आणि थंडी परत आली, वितळणं मंदावलं. 28 मार्चला नदी 40.8 फुटांवर थांबली. तोही विक्रमच होता, पण शहर मोठ्या प्रमाणात वाचलं.

आता पूर येतो कसा. हिवाळाभर पडलेलं सगळं पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर साठून राहतं आणि खालची जमीन गोठलेली असते, त्यामुळे ते मुरत नाही, फरशीवर बादली ओतल्यासारखं सरळ ओढ्या-नाल्यांतून नदीत जातं. त्यात ही नदी उत्तरेला वाहते. म्हणजे दक्षिणेला वाहपेटन गावाकडे बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी खाली येतं तेव्हा उत्तरेला कॅनडाच्या बाजूला नदी अजून गोठलेली असू शकते, मग बर्फाचे तुकडे अडकून पाणी तुंबतं. आणि खोरं म्हणजे जुन्या हिमयुगातल्या तलावाचा तळ, इतकं सपाट की नदीला मैलाला फूटभरसुद्धा उतार नाही. त्यामुळे पाणी हळू चढतं आणि हळूच उतरतं, 2009 ला जवळजवळ दोन महिने नदी पूरपातळीच्या वर होती.

मांजलपूर_काका
वरचं सगळं बरोबर, पण "गरम-थंड म्हणजे चांगलं" यावर एवढा भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती थंडी येताना नवीन बर्फ घेऊन आली तर पाण्याचा साठा वाढतोच ना. 1997 ला वितळणं सुरू झाल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला मोठं हिमवादळ आलं. याच नदीवर फार्गोच्या उत्तरेला असलेल्या ग्रँड फोर्क्स शहराला 49 फुटांचा अंदाज होता, लोकांनी तो एकच आकडा मनात धरून तयारी केली आणि नदी 54 च्याही वर गेली, जवळजवळ अख्खं शहर रिकामं करावं लागलं. म्हणून तो टक्क्यांचा तक्ताच महत्त्वाचा. अमुक पातळी ओलांडायची शक्यता किती, हे तो सांगतो. नेमकी पातळी आणि तारीख सांगणारा अंदाज पाणी यायच्या थोडे दिवस आधी येतो.

अजून एक, त्यांचे फूट आणि आपले फूट यांची तुलना करू नका. आपल्याकडे विश्वामित्रीवर काळा घोडा पुलाजवळ 26 फूट ही धोक्याची पातळी, फार्गोला 18 पासून पूरपातळी धरतात आणि 30 ला मोठा पूर. प्रत्येक ठिकाणचा शून्य वेगळा असतो.

एनडी_मध्ये_शिकलेली
काकू, मीपण तिथे बेसमेंटमध्ये राहिलेय. नदी रस्त्यावर यायच्या आधी पाणी जमिनीखालून आणि ड्रेनेजमधून उलटं येतं, ते बघायला हवं. घरमालकाला आजच विचारायला सांगा की सम्प पंप, म्हणजे बेसमेंटमध्ये साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, चालू आहे का आणि लाईट गेली तर त्याला बॅटरी आहे का. पासपोर्ट, आय-ट्वेंटी (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला कागद), लॅपटॉप जमिनीवर ठेवायचं नाही. भाडेकरूंच्या साध्या इन्शुरन्समध्ये पूर सहसा येत नाही, सरकारी पूर विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा 30 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे घ्यायचा तर लगेच. आणि पाण्यातून गाडी कोणीही काढायची नाही, दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं, शिवाय ते पाणी बर्फाचं, माणूस त्यात फार वेळ टिकत नाही.

रावपुरा_वडोदरा
खूप खूप आभार सगळ्यांचे, कोणीतरी नीट समजावून सांगितलं. आत्ताच तिला उठवून पंपाचं विचारायला लावलंय. वरच्या मजल्यावर एक आंध्रची मुलगी आहे, गरज पडली तर तिच्याकडे सामान ठेवता येईल म्हणाली. मी इथून रोज काय बघू? आणि 2009 नंतर तिथे काही केलं की तसंच आहे?

मूरहेडवासी
बरंच केलंय. नदीकाठची कित्येक घरं विकत घेऊन पाडली, कायमचे बांध घातले, आणि पुराचं पाणी शहराबाहेरून वळवायला 30 मैलांच्या कालव्याचं काम काढलं. म्हणून 2009 सारखी धावपळ आता लगेच होत नाही. तुम्ही दोनच गोष्टी बघा: नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या, ग्रँड फोर्क्स ऑफिसच्या अंदाजात फार्गोचं रात्रीचं तापमान, आणि त्यांच्याच साइटवर फार्गोच्या रेड नदीचा पातळीचा ग्राफ. त्यावर पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा असे टप्पे असतात, जांभळा म्हणजे मोठा पूर. रेषा नारिंगीतून लालकडे चढताना दिसली की तिला वरच्या मजल्यावर जायला सांगा, जांभळ्याची वाट बघू नका. आणि लेकीला माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा, आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे.